दोन फुग्यांमधली फट

बायकोच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. सकाळचा चहा मी गाळत होतो. तिच्या डोळ्यांना वाफ लागू नये म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं आणि नंतर माझ्याकडेच राहिलं होतं. बायको खिडकीत उभी राहून समोरच्या विजेच्या तारेकडे बघत होती. मान न वळवता ती म्हणाली,

"अहो, मला एक पिस्तूल घ्यायचंय."

"कोणाला मारायला?"

"तुमाला मारायचं असतं तं लाटणं हाय की घरात. त्याला कशाला लागतंय पिस्तूल?"

मग तिने सांगितलं. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून हळदीचं एक जुनं गोदाम आहे. तिथे आता दहा मीटरची शूटिंग रेंज झाली आहे. एक तरुण बाई ती चालवते आणि छर्र्याची पिस्तुलं आणि रायफली शिकवते. सकाळी फिरायला जाताना बायको चार दिवस तिच्या दारात उभी राहून बघत होती. नवीन डोळ्यांनी तिला सगळंच बघायचं होतं. एसटीची पाटी, तारेवरच्या राघूच्या गळ्यातला पट्टा, माझ्या शर्टाची उसवलेली शिवण.

"ती पोरगी म्हणली, काकू, वयाची अट न्हाई. रायफल माझ्या खांद्याला झेपायची न्हाई. पिस्तूल एका हातानं धरतात."

"मग घे की."

"मी काय घेऊ? माझा नेम कच्चा. तुमचा नेम पक्का, आन हत्यारातलं तुमाला कळतंय. तुमीच बघून द्या. जास्त महाग नको."

हे वाक्य आमच्या घरात चाळीसहून अधिक वर्षं आहे. तिचा नेम कच्चा, माझा पक्का. नातेवाइकांना ते पाठ आहे. पोराच्या लग्नात मी स्वतः ते मांडवात सांगितलं होतं आणि लोक हसले होते. ते खोटं आहे. ते खोटं मी तयार केलं आणि वापरलं. ते कसं, हे आधी सांगतो, पिस्तुलाचं नंतर.

मी हयातभर हिंगोलीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवलं. जोडीला स्टोव्ह, कुलपं, शिलाई मशीन. आणि दसऱ्याच्या आधीच्या पंधरवड्यात छर्र्याच्या बंदुका. मैदानावर दसऱ्याची जत्रा भरते, तिथे फुगे फोडायचे स्टॉल लागतात. ते स्टॉलवाले आपल्या बंदुका पोत्यात गुंडाळून माझ्याकडे आणायचे. बंदुकीच्या आत स्प्रिंग असते, स्प्रिंगपुढे दट्ट्या, आणि दट्ट्याला चामड्याचं वॉशर. वर्षभरात ते वॉशर वाळून आकसतं आणि हवा गळते. मी जुन्या चपलेच्या चामड्यातून नवं वॉशर कापायचो, दिवसभर गोडेतेलात भिजवायचो आणि बसवायचो. हे काम मला फार आवडायचं. एवढ्याशा चामड्यावर सगळी बंदूक अवलंबून असते याची मौज वाटायची.

बंदूक परत नेताना स्टॉलवाला म्हणायचा, "मिस्तरी, जरा माशीला समज द्या."

नळीच्या टोकाशी नेम धरायला बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून माशी बघायची, माशीवर फुगा आणायचा आणि चाप ओढायचा. माशीवर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने डावीकडे हलके दोन ठोके दिले की छर्रा उजवीकडे जातो. फार ठोकायचं नाही. फार ठोकलं तर छर्रा शेजारचा फुगा फोडतो. दोन फुग्यांच्या मधल्या फटीतून तो गेला पाहिजे. फुगा थोडक्यात चुकला असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि ते पुन्हा पैसे काढतं. ती फट साधण्यात माझा हात बसला होता. दुकानामागच्या भिंतीवर खडूने फुगे काढून मी खात्री करून घ्यायचो.

आमचं लग्न झालं त्या वर्षीच्या दसऱ्यात मी घरच्यांना मैदानावर घेऊन गेलो. आई, धाकटी बहीण आणि नवी बायको. बायकोचं माहेर औंढ्याच्या पलीकडे. तिची गोफण त्या भागात नावाजलेली होती. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभी राहून ती शेताच्या दुसऱ्या टोकाची पाखरं उठवायची. कोणत्या ताटाजवळ दगड पडणार ते आधी सांगायची आणि तिथेच पाडायची, असं तिचे भाऊ म्हणायचे. हे आमच्या घरात रोज कोणाच्या तरी तोंडून निघायचं. मला ते फार रुचत नव्हतं. दुकानात मी मिस्तरी होतो, घरात गोफणवालीचा नवरा.

आम्ही दुपारी लवकर गेलो. स्टॉल नुकताच उघडला होता, भवानीही व्हायची होती. फुग्यांच्या मागे त्या दिवशी नवा पुठ्ठा लावलेला होता, त्याला एकही भोक नव्हतं. माझी बहीण म्हणाली,

"वहिनी, गोफणीचं लई ऐकलंय. दाखवा की आता."

बायकोने पदर खोचला आणि बंदूक घेतली. स्टॉलवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्या बंदुकीची माशी मीच ठोकली होती, दोनच दिवसांपूर्वी. मी फुग्यांकडे पाहत राहिलो.

तिने एका लाल फुग्यावर नेम धरला. पाच छर्रे त्याच एका फुग्यावर, हट्टाने. फुगा हललासुद्धा नाही.

"वहिनी," बहीण म्हणाली, "तुमची पाखरं हसून हसून मरत होती काय?"

आईसुद्धा हसली. मग मी बंदूक घेतली. प्रत्येक फुग्याच्या डावीकडे चार बोटं सोडून नेम धरला आणि ओळीने पाच फुगे फोडले. आईने कानशिलावर बोटं मोडली. बंदूक खाली ठेवताना माझी नजर पुठ्ठ्यावर गेली. लाल फुग्याच्या उजवीकडच्या फटीत पाच भोकं होती, एकमेकांना चिकटून. रुपयाच्या नाण्याखाली झाकली असती. बंदुकीचं काम करणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तसा नेम मी माझ्या भिंतीवर कधी साधला नव्हता.

मी काही बोललो नाही. चालत घरी येताना ती म्हणाली, "गोफणीचं निराळं असंल. बंदुकीला माझा नेम न्हाई." मी म्हणालो, "होतं असं."

पुढे माहेरी गेल्यावर तिने गोफण हातात घेतली नाही. आणि ते वाक्य हळूहळू बाकीच्या गोष्टींतही आलं. प्लॉट कोणता घ्यायचा, पोराला कोणत्या शाळेत घालायचं, सून बघायला गेलो तेव्हासुद्धा. "तुमीच ठरवा, माझा नेम कच्चा." मी ठरवत गेलो. मला ते आवडायचं, हेही लिहायला हवं. ठरवलेल्या गोष्टींपैकी काही चुकल्या. प्लॉटवर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. तिला तो प्लॉट नको होता असं मला नंतर तिच्या भावाकडून कळलं.

दर रविवारी आम्ही विहारात वंदनेला जातो. पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं न बोलण्याचं. तिथे मी आवाज बाकीच्यांच्या आवाजात मिसळून टाकतो. बरीच वर्षं मी स्वतःशी वाद घातला की मी खोटं बोललोच नव्हतो, फक्त गप्प राहिलो आणि पाच फुगे फोडले. हा वाद मी कधीच जिंकला नाही.

तर पिस्तूल.

मी रेंजवर गेलो. गोदामाच्या भिंती अजून पिवळ्या आहेत, फरशीच्या सांध्यांत हळद आहे, आणि दार उघडताच तोच वास येतो. त्या वासात छर्र्यांचा टक्क टक्क आवाज. कोच मॅडमनी, म्हणजे त्या तरुण बाईंनी, मला खुर्ची दिली. त्यांना वाटलं, म्हातारा तक्रार करायला आलाय.

"काका, काकूंना शिकू द्या हो. तकलीफ काही नाही यात."

"शिकू द्यायलाच आलोय. मला पिस्तुलं दाखवा. उघडून बघता येतील?"

"आधी बाहेरून तर बघा!"

त्यांनी टेबलावर पिस्तुलं मांडली. या ताकदीच्या छर्र्याच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, ओळखपत्र दाखवून घेता येतं, पण घरी कुलपात ठेवायचं, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. पिस्तूल नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं, नळी कायम निशाणाकडे, आणि बोट चापावर शेवटी. हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

मला मजा येऊ लागली. सगळ्यात स्वस्त पिस्तूल मी डोळे मिटून ओळखलं असतं. नळी मोडून छर्रा भरायचा, आत तीच स्प्रिंग, तोच दट्ट्या. फक्त चामड्याच्या जागी आता प्लास्टिकचं वॉशर. स्प्रिंग सुटली की पिस्तूल हातात उसळतं, त्यामुळे नवख्याला ते धरायला अवघड, असं मॅडम म्हणाल्या. दुसरं जरा जड होतं. त्याची बाजूची दांडी एकदाच पूर्ण ओढून मिटवली की आत हवा दाबली जाते. स्प्रिंग नाही, उसळी नाही. तिसरं नळकांड्यात हवा भरून ठेवायचं. ते स्पर्धेवाले वापरतात, आणि त्याची किंमत ऐकून मी ते टेबलावर जपून परत ठेवलं. गॅसच्या छोट्या कुप्यांवर चालणारंही असतं म्हणे, पण कुपी संपली की हिंगोलीत मिळणार कुठे?

मग मी छर्रे बघायला मागितले. डमरूसारखा आकार, मध्ये बारीक कंबर, मागून पोकळ, आणि तोंड अगदी सपाट. टोकदार का नाही? तर सपाट तोंड कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ गोल भोक पाडतं, गुण मोजताना भांडण होत नाही. इतकी वर्षं छर्रे हाताळून हा प्रश्न मला पडला नव्हता. दोन छर्रे मी मागून घेतले आणि घरी भिंगाखाली बघत बसलो.

"काय बघून राहिले येवढं?" बायको म्हणाली. तिलाही भिंग दिलं. तिला भिंगाची गरज नव्हती.

माझं मत ठरलं होतं. स्प्रिंगचं स्वस्त पिस्तूल घ्यायचं. ते मी घरी उघडू शकत होतो, वॉशर बदलू शकत होतो. तिच्या हाताला कोणतं बरं, हा विचार मी केला नव्हता हे आता लिहिताना लक्षात येतंय.

रविवारी वंदनेनंतर आम्ही दोघं रेंजवर गेलो. मॅडमनी तिला डोळ्यांवर चष्मा दिला, उभं राहायला शिकवलं. ती निशाणाकडे बाजू करून उभी राहिली, उजवा हात लांब, डावा कमरेला. मी स्प्रिंगचं पिस्तूल भरून दिलं. पाच छर्रे झाले. प्रत्येक वेळी पिस्तूल उसळलं आणि प्रत्येक वेळी ती थांबली, श्वास सोडला आणि हात पुन्हा आणला. मॅडमनी चाक फिरवून निशाणाचा कागद दोरीवरून जवळ आणला.

काळं वर्तुळ कोरं होतं. पाच भोकं त्याच्या बाहेर, उजवीकडे.

बायको हसली. "बघा. म्या म्हणलं नव्हतं?"

"काकू, थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कागद काढून उजेडात धरला. "पहिल्या दिवशी असं कोणाचं येत नाही. पाचही एका जागी आहेत. नेम म्हणतात तो हाच. जागा चुकलीय ती पिस्तुलाची. मागची खाच थोडी सरकवली की सगळे काळ्यात येतील."

"पिस्तुलाची? माझी न्हाई?"

"तुमची नाही."

बायकोने कागद हातात घेतला. अंगठा त्या भोकांवर ठेवला. सगळी झाकली गेली. अंगठा उचलला, पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे वळून अगदी साधेपणाने विचारलं,

"अहो, तवा दसऱ्यात बी आसंच झालं आसंल काय?"

मी "असंल" म्हणालो असतो तरी चाललं असतं. तिने मला वाट करून दिली होती, तिच्याही नकळत.

"आसंच झालं होतं," मी म्हणालो. "ती माशी वाकडी होती."

"तुमाला काय ठाऊक?"

"म्याच ठोकली होती. दुकानात. त्यांच्या सगळ्याच बंदुका मी ठोकायचो."

मॅडम कागद लावायच्या निमित्ताने बाजूला झाल्या. बायकोच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुतूहल होतं, ते मला रागापेक्षा जड गेलं.

"कोन्या बाजूला ठोकली होती?"

"डावीकडं."

"मंजी छर्रा उजवीकडं."

"व्हय."

"आन तुमी डावीकडं धरून मारलं."

"व्हय."

"काहून सांगितलं न्हाई?"

मी खरं तेच सांगितलं. की स्टॉलवाला गिऱ्हाईक होता, पण ते कारण नव्हतं. तिचा नेम चुकलेला मला बघायचा होता. मग पुठ्ठ्यावरच्या पाच भोकांचंही सांगितलं. ते कोणाला ठाऊक नव्हतं, मी सांगितलं नसतं तर कधी कळलंही नसतं.

"रुपयायेवढी?"

"रुपयाखाली झाकली असती."

तिने कागद टेबलावर ठेवला. मग मॅडमना म्हणाली, "पोरी, ती खाच कशानं सरकवतात? मला शिकव."

मॅडमनी बारीक स्क्रू-ड्रायव्हर दिला. छर्रा ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला मागची खाच सरकवायची. तिने स्क्रू फिरवला, पाच छर्रे मारले, कागद आणला, पुन्हा थोडा फिरवला. तिसऱ्या कागदावर चार भोकं काळ्यात होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होतो.

मग तिने दांडीचं पिस्तूल उचललं.

"ते नवं महाग पडंल," मी म्हणालो.

"हे नवं नाही काका," मॅडम म्हणाल्या. "माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे. तिने वरचं घेतलं, हे विकायचंय."

"मग हवा गळत असंल. आणा, मी बघतो..."

"तुमी गप बसा," बायको म्हणाली. "मी इचारते."

आणि तिने विचारलं. हवा दाबून थोडा वेळ तसंच ठेवलं तर टिकते का. वॉशर कधी बदललं. तो भाग मिळतो का. दांडी ओढायला ताकद किती लागते, आणि ती स्वतः ओढून बघितली, एकदा, दोनदा, दहादा, दंड दुखतो का ते बघायला. लाकडी मूठ आधीच्या मुलीने आपल्या हातापुरती घासून लहान करून घेतली होती. ती बायकोच्या हातात बरोबर बसली. चाप किती हलका हवा हेसुद्धा तिने सांगितलं. मी ऐकत होतो आणि ती काय निवडेल याचा अंदाज बांधत होतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं काय ठरणार हे मला माहीत नव्हतं.

"हेच," ती म्हणाली.

पहिलं पिस्तूल तेवढ्या किमतीत नवंकोरं आलं असतं. मी ते बोललो नाही.

घरी आल्यावर दोन दिवस ती कामापुरतं बोलली. पिस्तूल लोखंडी कपाटात गेलं आणि किल्ली तिच्या कमरेला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा. ती हसली होती."

बहीण कळमनुरीला असते. मी फोन केला, सगळं सांगितलं. ती जोरात हसली. "दादा, येवढ्यासाठी फोन केला व्हय? म्या म्हणलं कोन गेलं!" बायको शेजारीच होती, तिला ऐकू गेलं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आई तं राहिल्या न्हाईत. ही हसून राहिली. लग्नातल्या लोकांना आता कुठं गाठणार? लिहून काढा. तुमच्या हातानं, तुमच्या अक्षरात. जो वाचंल तो वाचंल."

म्हणून हे लिहिलं. आठ दिवस लागले. पहिला खर्डा तिने चष्म्याशिवाय वाचला, एका बैठकीत. दोन ठिकाणी बोट ठेवलं. एक म्हणजे, तिच्या भावाकडून प्लॉटचं कळलं हे मी गाळलं होतं, ते घालायला लावलं. दुसरं, मी लिहिलं होतं, 'तिचे पाचही छर्रे चुकले.'

"एक बी चुकला न्हाई," ती म्हणाली. "खोडा ते."

मी खोडलं. 'फुगा हललासुद्धा नाही' एवढंच ठेवलं, ते तिला चाललं.

आज ती रेंजवरून आली ती कागद घेऊनच. मी चहा ठेवला होता. नऊ भोकं काळ्यात, त्यातली चार एकमेकांत मिसळलेली. दहावं मात्र पार डावीकडे, कागदाच्या कडेला. इतका लांब गेलेला छर्रा मी तिचा अजून पाहिला नव्हता. मी म्हणालो, साइट, म्हणजे ती मागची खाच, हलली असेल, आण पिस्तूल, बघतो.

"साइट बराबर हाय," ती कप उचलत म्हणाली. "तवा बाहेर हळदीचा ट्रक हॉर्न वाजवून राहिला होता, मी दचकले. ह्यो माझा चुकला. तसंच लिहा."